एसआर, एक्सआर, ओडी वगैरे

घरातला औषधांचा डबा घ्या आणि एकेक स्ट्रिप वाचत बसा. रविवार दुपारचा हा काही फार रंजक उद्योग नाही हे मान्य, पण मी केला आणि डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय. औषधाचं नाव कळतं. पुढचा आकडाही कळतो: ५००, ४०, २५. पण आकड्याच्या शेजारी जी दोन-तीन अक्षरं चिकटवलेली असतात त्यांचं काय? एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, पीआर, एक्सएल, एलए, ओडी, एमआर... काहींवर तर 'रिटार्ड' असा अख्खा शब्दच. आपण ही अक्षरं बाईकच्या मॉडेलसारखी वाचतो. एक्सएल म्हणजे जरा वरचं मॉडेल असेल, चार पैसे जास्त पडत असतील, बस.

माझं म्हणणं असं की ती अक्षरं म्हणजे त्या गोळीतलं अर्धं औषध आहे. आकडा सांगतो किती. अक्षरं सांगतात केव्हा आणि किती वेगाने. आणि हे 'केव्हा' आपल्याला कोणी धड सांगत नाही. डॉक्टरांना वेळ नाही, केमिस्टकडे रांग आहे, आणि स्ट्रिप जे काही सांगते ते मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेलो नाही. कोड लिहून पोट भरतो. पण ज्या वस्तूचं वागणं तिच्या आकड्यापेक्षा तिच्या वेळापत्रकावर जास्त अवलंबून आहे, आणि ते वेळापत्रक वापरणाऱ्यापासून लपलेलं आहे, अशा वस्तूबद्दल आमच्या धंद्यातल्या माणसाला चीड येणारच.

आधी मुळात ही भानगड कशासाठी ते बघू. साधी गोळी पोटात गेली की काही मिनिटांत फुटते, औषध विरघळतं, आतड्यातून रक्तात शिरतं. रक्तातली पातळी झरझर वर जाते, मग यकृत आणि मूत्रपिंडं ती खाली ओढतात. आलेख काढला तर एक टोकदार डोंगर. सहा-आठ तासांनी दुसरी गोळी, दुसरा डोंगर. शिखरावर असताना दुष्परिणाम, दरीत असताना औषध नसल्यासारखंच. सर्व्हरवर सगळा ट्रॅफिक सकाळी दहाला एकदम येतो आणि दुपारभर तो रिकामा बसतो, तसं. उपाय काय? ट्रॅफिक अडवून हळूहळू सोडा. गोळीच्या बाबतीत हे अडवून सोडण्याचं काम कुठला प्रोसेसर करत नाही. ते गोळीचं अंग करतं, तिची माती, तिचं वेष्टण, तिची भोकं.

निफेडिपिन नावाचं रक्तदाबावरचं औषध घ्या. शरीरातून ते दोनेक तासांत निम्मं होतं. पूर्वी त्याची द्रव भरलेली कॅप्सूल मिळायची, आणि रक्तदाब फार चढला की ती फोडून जिभेखाली धरायला किंवा चावून गिळायला सांगायची पद्धत जगभर होती. दाब धाडकन खाली यायचा, सगळ्यांना हायसं वाटायचं. प्रॉब्लेम असा की तो कधीकधी इतका धाडकन यायचा की मेंदूला नाहीतर हृदयाला रक्तच पुरायचं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर या प्रकारावर वैद्यकीय नियतकालिकांतून जोरदार टीका झाली आणि ती पद्धत मोडीत निघाली. पण त्याच्या आधीच, १९८९ मध्ये, अमेरिकेत हेच निफेडिपिन दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीच्या रूपात मंजूर झालं होतं. औषध चोवीस तास हळूहळू झिरपत राहणार. रेणू तोच, एका अणूचाही फरक नाही. एका रूपात धोक्याचा, दुसऱ्या रूपात वर्षानुवर्षं रोज घ्यायचा. मग 'औषध' नेमकं कशाला म्हणायचं?

आता ही मंडळी वेग आवरतात कसा, ते जरा सांगतो, कारण मला यातलं डोकं मनापासून आवडलं.

सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे चिकट माती. औषधाच्या भुकटीत एचपीएमसी नावाचं सेल्युलोजचं पॉलिमर मिसळून गोळी दाबायची. पोटातलं पाणी लागलं की गोळीच्या बाहेरच्या थराचा बुळबुळीत जेल होतो. सब्जा भिजवल्यावर कसं होतं, तसंच काहीसं. आतलं औषध त्या जेलमधून वाट काढत बाहेर येतं, जेल बाहेरून झिजत जातं, आत नवा थर भिजत जातो. लाखो घरांत रोज गिळल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनच्या एसआर गोळ्या बऱ्याचशा याच जातीच्या. त्यात अजून एक गंमत आहे. मेटफॉर्मिन शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात. म्हणजे गोळी घाईने पुढे सरकली तर उरलेलं औषध फुकट. पण भरल्या पोटी जठर मोठी, फुगलेली वस्तू लवकर पुढे ढकलत नाही. म्हणून ती फुगणारी गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. जेवण हा त्या यंत्राचाच एक भाग आहे! 'जेवणाबरोबर घ्या' ही सूचना आपण 'पित्त होऊ नये म्हणून' असं गृहीत धरतो, आणि उपाशीपोटी चालवून घेतो.

दुसरा मार्ग मण्यांचा. १९५२ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकन कंपनीने 'स्पॅन्स्युल' बाजारात आणली: एका कॅप्सूलमध्ये शेकडो बारीक मणी, कुणावर पातळ लेप, कुणावर जाड. पातळवाले आधी विरघळणार, जाडवाले नंतर. सत्तर वर्षं होऊन गेली, कल्पना अजून तशीच चालू आहे. आपल्या आयटीवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये ती हमखास सापडेल: पँटोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल, नावापुढे 'डीएसआर'. ऑफिसच्या बिर्याणीनंतर एकमेकांना शेंगदाण्यासारखी वाटली जाते ती. त्यातलं डोम्पेरिडोन हळूहळू सुटायचं आहे, म्हणून एसआर. आणि पँटोप्राझोलचा प्रश्नच वेगळा. ते आम्ल कमी करणारं औषध स्वतः आम्लात टिकत नाही! जठरात उघडं पडलं तर तिथेच खलास. म्हणून त्याच्यावर असा लेप देतात जो आम्लात घट्ट राहतो आणि आतड्यात, जिथे आम्लता उतरते, तिथे विरघळतो. मग औषध आतड्यातून रक्तात जातं आणि रक्तातून फिरून जठराच्या भिंतीशी मागच्या दाराने येतं. पुढच्या दाराने गेलं असतं तर दारातच मेलं असतं. (जाता जाता: ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, बिर्याणीनंतर नव्हे. पण कोण ऐकतंय.)

आणि तिसरा मार्ग, माझा सगळ्यात लाडका. अलेहांद्रो झाफारोनी या उरुग्वेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये अमेरिकेत अल्झा नावाची कंपनी काढली, आणि तिथे फेलिक्स थीयुवेस वगैरे लोकांनी सत्तरच्या दशकात एक पंप तयार केला. दिसायला गोळी. बाहेर एक कडक पापुद्रा, ज्यातून पाणी आत जाऊ शकतं पण औषध बाहेर येऊ शकत नाही. त्या पापुद्र्याला लेझरने पाडलेलं एक सुईच्या टोकाएवढं भोक. आत दोन थर: एक औषधाचा, दुसरा पाणी पिऊन फुगणाऱ्या पॉलिमरचा. आतड्यातलं पाणी परासरणाने आत शिरतं, मागचा थर फुगतो, आणि पुढचं औषध भोकातून बाहेर ढकललं जातं. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबावी तसं, पण एका लयीत, तासन् तास. पोटात आम्ल किती, आतड्याची हालचाल कशी, याचा फारसा फरक पडत नाही. शाळेत बेदाणे पाण्यात टाकून फुगवायचा जो प्रयोग केला होता, तो आठवला तर हेच ते. वर म्हटलेली १९८९ ची निफेडिपिनची गोळी अशीच चालायची.

काम झाल्यावर त्या गोळीचं कवच तसंच्या तसं शौचातून बाहेर पडतं. ते बघून 'गोळी लागूच पडली नाही, अख्खी बाहेर आली' म्हणून घाबरणारी माणसं आहेत, आणि डोस पुन्हा घेणारीही असू शकतात. त्यांना दोष कसा देणार? आपण एक रिकामा पंप बाहेर टाकतोय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

या पंपाचं सगळंच गोड नव्हतं. इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाची तशी गोळी, ऑस्मोसिन, १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये मागे घ्यावी लागली, कारण काही रुग्णांच्या आतड्यांना भोकं पडली. गोळी एकाच जागी अडकून तीव्र द्रवाची धार भिंतीवर एकाच ठिकाणी पडत राहिली असावी, असा तर्क मांडला गेला. म्हणजे बघा, तेच औषध, पण नुकसान कुठे आणि किती होणार हेसुद्धा गोळीच्या रचनेने ठरवलं.

आता येऊ खलबत्त्याकडे.

आपल्याकडे औषध कुटून देणं यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. पिढ्यान् पिढ्या मात्रा उगाळली, चूर्ण केलं, मधातून चाटवलं. म्हाताऱ्या माणसाला गोळी गिळवत नाही म्हणून ती दोन चमच्यांत दाबून, केळ्यात नाहीतर साखरेच्या पाण्यात घालून देणं, हे प्रेमाचं काम आहे आणि घरोघरी बायका ते निगुतीने करतात. साध्या गोळीच्या बाबतीत बहुतेक वेळा बिघडतही नाही. पण एसआर गोळी कुटली की तुम्ही औषध बारीक करत नाही, तुम्ही घड्याळ फोडता. चोवीस तासांचा साठा एका घोटात. रक्तदाबाचं औषध असेल तर आजोबा बाथरूमच्या वाटेवर चक्कर येऊन पडतात, साखरेचं असेल तर घाम फुटून गळून जातात, आणि घरात म्हणतात 'वय झालं'. याला फार्मसीच्या भाषेत 'डोस डम्पिंग' म्हणतात. नाकातून नळी घातलेल्या पेशंटच्या बाबतीत तर धोका रोजचाच, कारण नळीतून जायचं म्हटल्यावर सगळंच कुटलं जातं. खरं तर अशा वेळी डॉक्टरांना विचारलं तर बऱ्याचदा तेच औषध साध्या गोळीत किंवा पातळ औषधात बदलून मिळतं, डोस विभागून. पण विचारायचं असतं हे कळायला आधी फरक कळायला हवा.

कुटल्याने काय होतं याचं जगातलं सगळ्यात भयंकर उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन आणलं. ऑक्सिकोडोन हे अफूच्या कुळातलं वेदनाशामक, बारा तास पुरेल अशा गोळीत. हळूहळू सुटत असल्यामुळे व्यसनाचा धोका कमी मानला जातो, अशा अर्थाचं वाक्य सुरुवातीच्या लेबलवर चक्क छापलेलं होतं. आणि त्याच लेबलवर ताकीदही होती की गोळी फोडली, चावली, कुटली तर सगळं औषध एकदम सुटून जिवावर बेतू शकतं. दोन्ही वाक्यं एका कागदावर! नशा करणाऱ्यांनी दुसरं वाक्य कृतीसारखं वाचलं. गोळी कुटायची, हुंगायची किंवा टोचायची. बारा तासांचा साठा असल्यामुळे एकेका गोळीत माल भरपूर. २००७ मध्ये त्या उद्योगातल्या कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल गुन्हा कबूल केला, ६० कोटी डॉलरच्या वर दंड-भरपाई झाली. कुटायला कठीण अशी नवी गोळी आली २०१० मध्ये. तोवर चौदा वर्षं गेली होती. अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाला इतर कारणंही भरपूर आहेत, सगळं खापर एका गोळीवर फोडणार नाही. पण 'वेळ' हा सुरक्षेचा भाग आहे असं सांगून वस्तू विकायची आणि ती वेळ दोन चमच्यांत मोडता येते हे बारीक अक्षरांत टाकायचं, ही चलाखी मला त्या सगळ्या प्रकरणाच्या गाभ्याशी दिसते.

त्याच कंपनीची पॅलाडोन नावाची दुसरी गोळी २००५ मध्ये बाजारातून काढून घेतली गेली. तिला तर कुटायचीही गरज नव्हती. कडक दारूबरोबर घेतली की तिचा आवरून धरणारा मसाला विरघळायचा, आणि रक्तातलं शिखर सरासरी पाच-सहा पट उंच जायचं. शुक्रवारी रात्री 'चालतं रे' म्हणणाऱ्यांसाठी ही नोंद इथे करून ठेवतो. प्रत्येक एसआर गोळी दारूत अशी वागत नाही. पण वागू शकते हे कळल्यापासून नव्या गोळ्यांची दारूत घालून चाचणी घेतली जाते.

असो. अक्षरांकडे परत.

माझी खरी तक्रार अक्षरांशी आहे, कारण त्यांना काही ठरलेला अर्थच नाही. एसआर, ईआर, एक्सआर, पीआर, सीआर, एलए हे सगळे साधारण 'हळूहळू सुटणारं' या एकाच कल्पनेचे वेगवेगळ्या कंपन्यांनी घेतलेले टी-शर्ट. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण दिवसातून एकदा पुरणारं औषध हळू सुटणारं असेलच असं नाही. अॅम्लोडिपिन साध्या गोळीतही दिवसभर पुरतं, कारण शरीरच ते सावकाश संपवतं. निम्मं व्हायला तीस ते पन्नास तास लागतात. त्याला कुठल्याही पंपाची गरज नाही. आणि एमआर? मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडवर एमआर म्हणजे सुटण्याचा वेग बदललेली गोळी. पाठदुखीच्या गोळीवर एमआर म्हणजे बहुतेक वेळा स्नायू सैल करणारं एक जादा औषध! एकाच डब्यात, एकाच माणसाच्या, दोन एमआर, दोन अर्थ. आमच्याकडे कुणी एकाच नावाचे दोन व्हेरिएबल असे ठेवले असते तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढली असती.

ग्लिक्लाझाइडचंच आणखी बघा. एमआर ३० मिलीग्रॅमची गोळी साध्या ८० मिलीग्रॅमच्या गोळीएवढं काम करते. म्हणजे नुसता आकडा बघून 'अहो, ८० ऐवजी ३० च दिलीत, कमी पडेल' असं म्हणून कुणी अडीच गोळ्या घेतल्या, तर हिशेब बरोबर आणि माणूस हॉस्पिटलात.

'मग जेनेरिक नकोच का?' असा प्रश्न कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. मी जेनेरिकच्या बाजूचा माणूस आहे. रोज पाच गोळ्या आयुष्यभर घेणाऱ्या घराला त्यातून किती दिलासा मिळतो हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. पण साध्या गोळीची नक्कल आणि या गोळीची नक्कल यात फरक आहे. पहिल्यात रेणू आणि आकडा जुळला, गोळी नीट विरघळली, की बरंचसं काम झालं. दुसऱ्यात अख्खं वेळापत्रक जुळावं लागतं, आणि प्रत्येक कंपनी ते वेगळ्या मातीतून, वेगळ्या लेपातून साधते.

याची किंमत एकदा उघड मोजली गेली आहे. वेलब्युट्रिन एक्सएल हे नैराश्यावरचं औषध. २००६ च्या अखेरीस अमेरिकेत त्याची ३०० मिलीग्रॅमची नक्कल मंजूर झाली, ब्युडेप्रियॉन एक्सएल. मंजुरीसाठी चाचणी झाली होती १५० मिलीग्रॅमच्या गोळीची, ३०० चं त्यावरून ताडलं. लगेच तक्रारी येऊ लागल्या: डोकं दुखतं, झोप उडाली, नैराश्य परत आलं. बरेच जण म्हणाले, मनाचे खेळ आहेत, स्वस्त गोळीवर विश्वास नाही म्हणून असं वाटतं. नैराश्याचा पेशंट तक्रार करतोय म्हटल्यावर हे म्हणणं किती सोपं! २००७ मध्ये कन्झ्युमरलॅब या स्वतंत्र संस्थेने दोन्ही गोळ्या विरघळवून बघितल्या. पहिल्या दोन तासांत मूळ गोळीतून ८ टक्के औषध सुटलं, नकलेतून ३४ टक्के. तरी एफडीएने स्वतः ३०० ची चाचणी करून 'ही समतुल्य नाही' म्हणायला २०१२ उजाडलं, आणि मग ती गोळी बाजारातून गेली. म्हणजे पाच-सहा वर्षं लोक खरं बोलत होते. आकडा तोच, अक्षरंही तीच, एक्सएल. वेळापत्रक दुसरंच.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या टेबलावर असणारं बीएनएफ हे औषधांचं पुस्तक म्हणूनच काही हळू सुटणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत, उदाहरणार्थ डिल्टियाझेम आणि थिओफायलिन, ब्रँडचं नाव लिहा असा सल्ला देतं, म्हणजे एकदा बसलेलं वेळापत्रक दर महिन्याला बदलणार नाही. जेनेरिकच्या आग्रहाशी हे विसंगत वाटेल, पण नाहीये. स्वस्त गोळी घ्या. दर वेळी तीच घ्या.

एक गोष्ट कंपन्यांच्या विरोधातही बोलायला हवी. दर वेळी एसआर काढण्यामागे रुग्णाचं भलं असतंच असं नाही. पेटंट संपत आलं की तेच औषध दिवसातून एकदाच्या गोळीत घालून नव्या नावाने, नव्या किमतीला विकणं हा जुना धंदा आहे. वर म्हटलेल्या अॅम्लोडिपिनसारख्या औषधाला कुणी 'ओडी'चा तुरा लावला तर तो सजावटीचा. म्हणजे अक्षरं कधी जीव वाचवणारं यंत्र सांगतात आणि कधी नुसती जाहिरात करतात, आणि आपल्याला दोन्ही सारखीच दिसतात.

आपला कायदा मात्र या बाबतीत आश्चर्य वाटावं इतका शहाणा आहे. न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९ वाचा. साधारणपणे नवं औषध परवानगीनंतर चार वर्षं 'नवं' राहतं. पण सुटण्याचा वेग बदललेलं औषध? ते कायम 'नवं औषध'च धरायचं. रेणू पन्नास वर्षं जुना असला तरी! सरकारच्या लेखी ती वस्तू वेगळी आहे हे इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि तीच वस्तू घरी आणणाऱ्याला हा फरक सांगायला स्ट्रिपवर काय? दोन अक्षरं, ज्यांचा अर्थ कंपनी ठरवणार.

१ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० मोठ्या ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. चांगली गोष्ट, नकली माल ओळखायला. मी काही कोड स्कॅन केले. नियमात काय काय माहिती द्यायची त्याची यादी आहे: औषधाचं नाव, ब्रँडचं नाव, कंपनी, पत्ता, बॅच, बनवल्याची तारीख, मुदत, परवाना क्रमांक. सगळं बनवणाऱ्याबद्दल. ती गोळी कशी गिळायची यासाठी एक रकाना नाही. अरे, डेटाबेस तयार आहे, कोड छापलाय, प्रत्येक खिशात फोन आहे, आणि जो एक रकाना आजीच्या कामाचा तोच नाही! फोनवर तर तो मराठीत, कानडीत, बंगालीत, हव्या त्या भाषेत दाखवता येईल. जागेची सबबही उरत नाही.

क्यूआर सोडा, छापायचं म्हटलं तरी सरसकट 'तोडू नका' एवढंही पुरत नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेटची एक्सएल गोळी घ्या. मूळ स्वीडिश रचनेत ती असंख्य लेपवाल्या मण्यांची दाबून केलेली असते, प्रत्येक मणी स्वतःपुरता पंप. म्हणून ती मधल्या रेघेवर अर्धी केली तर चालतं, अर्धे मणी इकडे, अर्धे तिकडे. पण कुटली तर मणीच फुटतात. आणि याच्या बरोब्बर उलट, छातीत दुखून हार्ट अॅटॅकची शंका आली तर डॉक्टर अॅस्पिरिन चावून खायला सांगतात. घरात आतड्यात विरघळणारी लेपवाली अॅस्पिरिनच असेल तर तीसुद्धा चावायचीच, कारण त्या क्षणी तो लेपच आड येतो. तर निदान तीन वेगळ्या सूचना लागतात, आणि कुठल्या गोळीला कुठली हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

काही कंपन्या स्ट्रिपच्या मागे 'चावू नका, कुटू नका' हे इंग्रजीत छापतात, हे खरं. भिंग घेऊन वाचलं. ते लाल रेघेच्या शेजारी, शेड्यूल एचच्या इशाऱ्याखाली, साठवणुकीच्या तापमानाच्या वर होतं. गोळी काढताना फॉइल नेमकं तिथेच फाटतं. मला तीन छोटी वाक्यं पुरतील, घरातल्या भाषेत, दर गोळीच्या मागे एक: 'अख्खी गिळा.' 'रेघेवर अर्धी चालेल, कुटू नका.' 'कुटून दिली तरी चालेल.'